उन्हाळ्याच्या जेवणांतील कोशिंबीर

महाराष्ट्रांतील जेवणाचें पान वाढण्याची एक ठरलेली रीत आहे. वरच्या अंगाला मध्यभागीं मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर व लोणचें. उजवीकडे भाजी व आमटी. आणि मध्यें भात किंवा पोळी. डाव्या बाजूचे पदार्थ चवीपुरते व उजव्या बाजूचे पोटभर, हा या मांडणीचा अर्थ लहान मुलांनाहि ठाऊक असतो. त्यामुळें कोशिंबिरीच्या वाट्याला चमचाभर जागा आलेली आहे. पंगतींत तर ती पानाची शोभा म्हणूनच वाढली जाते, आणि उष्टीं काढण्याच्या वेळीं पुष्कळ पानांत ती जशीच्या तशी आढळते. थंडीच्या दिवसांत ही रीत चालून जाते. परंतु चैत्र-वैशाखांतील जेवणाचा विचार केला, तर या चमचाभर पदार्थाला अधिक मानाची जागा देणें इष्ट आहे, असें आहारशास्त्र व रोजचा अनुभव हीं दोन्ही सांगतात.

उन्हाळ्यांतील दुपारचें जेवण ही पुष्कळ घरांतील एक नित्याची अडचण असते. सकाळपासून शेगडीपुढें उभें राहून केलेला स्वयंपाक बाराच्या सुमारास पानांत पडतो, तेव्हां खाणाराची भूक उन्हानें मेलेली असते. मुलें दोन घांस खाऊन पाण्याचा पेला तोंडाला लावतात. मोठीं माणसें जेवण नकोसें वाटतें म्हणून अर्ध्या पोटींच उठतात. मग रुचि आणण्यासाठीं गृहिणी भाजींत मसाला वाढविते, एखादा तळलेला पदार्थ करते. त्यानें तिचे स्वतःचे श्रम वाढतात, स्वयंपाकघर अधिक तापतें, आणि खाणाराची तहान मात्र भागत नाहीं. वस्तुतः अशा वेळीं जिभेला व शरीराला हवा असतो तो गार, रसदार, किंचित् आंबट आणि न शिजविलेला पदार्थ. असा पदार्थ घरांत पूर्वापार होत आलेला आहे. तो किती करावा, केव्हां करावा आणि कोणती काळजी घेऊन करावा, एवढाच विचार करावयाचा आहे.

उन्हाळ्यांत शरीरांतील उष्णता बाहेर टाकण्याचें मुख्य साधन म्हणजे घाम. घाम त्वचेवर वाळतांना तेथील उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्णपणें वाळला, तर सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. या कामांत पाणी खर्च होतें आणि पाण्याबरोबर थोडें मीठहि जातें. ही तूट भरून काढण्यासाठीं पाणी प्यावयास हवें हें तर उघडच आहे. परंतु खाण्याच्या पदार्थांतूनहि पुष्कळ पाणी मिळूं शकतें. काकडींत व मुळ्यांत शेंकडा सुमारें ९५ भाग पाणी असतें, टोमॅटोंत ९४, कोबींत ९२, कांद्यांत ८९ आणि गाजरांत ८८. दोनशें ग्रॅम काकडी खाणारा मनुष्य जवळजवळ १९० ग्रॅम पाणी नकळत खात असतो. नुसतें पाणी एका दमांत पोटांत जातें. काकडींतील पाणी चावून, सावकाश, क्षार आणि तंतु यांसह जातें. अर्थात् कोशिंबीर खाल्ली म्हणून पाणी कमी प्यावें, असा याचा अर्थ नव्हे.

या संदर्भांत कांद्याविषयींची एक समजूत लक्षांत घेण्यासारखी आहे. विदर्भांत, जेथें मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्याहि वर जातो, तेथें उन्हांतून जातांना खिशांत कांदा ठेवण्याची चाल आहे. त्यानें ऊन लागत नाहीं, असें मानतात. जेवणांत कच्चा कांदा असावा हें योग्यच. त्यानें तोंडाला चव येते आणि भाकरीबरोबर चार घांस अधिक जातात. पण खिशांतील कांदा उष्माघात टाळीत नाहीं. डोक्यावर छत्री किंवा पांढरें फडकें, अंगावर सैल सुती कपडे, जवळ पिण्याचें पाणी आणि भर दुपारीं बाहेर न पडणें, हेच त्यावरचे खरे उपाय. एखाद्याचें अंग तापून तो भ्रमिष्टासारखा बोलूं लागला, तर त्याला सावलींत नेऊन, अंगावर पाणी ओतून व वारा घालून तत्काळ दवाखान्यांत पोंचविलें पाहिजे. तेथें घरगुती उपचारांवर विसंबून वेळ दवडणें प्राणावर बेततें.

कच्च्या भाजीचा दुसरा गुण तिच्यांतील जीवनसत्त्वांचा. १७४७ सालीं जेम्स लिंड या इंग्रजी आरमारांतील शल्यवैद्यानें 'सॉल्सबरी' या जहाजावर स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांवर एक प्रयोग केला. दोघांदोघांना निरनिराळे उपचार दिले असतां, ज्या दोघांना संत्रीं व लिंबें मिळालीं ते सर्वांत लवकर बरे झाले. त्या फळांतील गुणकारी द्रव्य कोणतें, हें कळावयास पुढें जवळजवळ दोन शतकें जावीं लागलीं. हंगेरियन शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ड्यॉर्डी यांनीं तें द्रव्य १९२८ सालीं शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें, आणि या व तत्संबंधित संशोधनाबद्दल त्यांना १९३७ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. हेंच 'क' जीवनसत्त्व. तें पाण्यांत विरघळतें, उष्णतेनें नाश पावतें, आणि चिरलेल्या भाजीला हवा लागत राहिली तरी हळूहळू कमी होतें. कोबीची भाजी शिजवून, वर तिचें पाणी टाकून दिलें, तर त्यांतील बराच भाग हाताचा जातो. तोच कोबी बारीक चिरून लगेच लिंबू पिळून खाल्ला, तर तो बहुतेक पोटांत जातो. शिवाय डाळी, धान्यें व पालेभाज्या यांतील लोह शरीरांत शोषिलें जाण्यास हें जीवनसत्त्व मदत करतें. वरणभातावर लिंबू पिळण्याची आणि जेवणांत आंबट कोशिंबीर ठेवण्याची पद्धत म्हणूनच केवळ जिभेची हौस नव्हे. ज्या घरांत मुख्यतः शाकाहार आहे, तेथें मुलींच्या व स्त्रियांच्या आहारांत तिला विशेष महत्त्व आहे.

येथवर कच्च्या भाजीचे गुण झाले. परंतु याच भाजीची एक दुसरी बाजू आहे, व ती उन्हाळ्यांतच अधिक भयावह होते. विषमज्वर, पटकी, आमांश, जंत आणि एक प्रकारची कावीळ हे रोग दूषित पाण्यांतून व कच्च्या अन्नांतून पसरतात. शिजविलेल्या भाजींतील जंतु अग्नीनें मरतात. कोशिंबिरीला अग्नीचा आधार नसतो. उन्हाळ्यांत विहिरी आटतात, नळाला पाणी थोडा वेळ येतें, आणि मंडईंत भाजी टवटवीत दिसावी म्हणून तिच्यावर जें पाणी शिंपडलें जातें तें कोठलें असेल, याचा नेम नसतो. म्हणजे ज्या ऋतूंत कच्ची भाजी सर्वांत हितकर, त्याच ऋतूंत ती सर्वांत धोक्याचीहि असते. यावर कोशिंबीर सोडून देणें हा उपाय नव्हे. ती धुण्यापासून वाढण्यापर्यंत एक क्रम पाळणें हा उपाय आहे. कोशिंबिरीचे बहुतेक सर्व गुण आणि बहुतेक सर्व दोष या क्रमांत सांठविलेले आहेत.

पहिली गोष्ट धुण्याची. भाजी आधीं धुवावी व मग सोलावी किंवा चिरावी. पुष्कळ घरांत काकडी सोलून मग पाण्यांतून काढतात. त्यांत सालीवरची माती सुरीबरोबर आंतल्या गरांत जाते. धुतांना वाहत्या पाण्याखालीं धरून हातानें चोळावें. गाजर, मुळा यांसारखीं कंदमुळें लहानशा स्वच्छ कुंच्यानें घासावीं. कोबीचीं वरचीं दोन-तीन पानें काढून टाकावीं. कोथिंबिरीची जुडी सबंध बुडवून काढल्यानें तिच्यांतील माती जात नाहीं; देंठ निवडून, पानें मोकळीं करून दोन-तीन पाण्यांतून काढावीं. पाण्याची टंचाई असेल तेथें पहिलीं दोन पाणीं साध्या पाण्याचीं घेऊन शेवटचें पाणी उकळून गार केलेलें घ्यावें, आणि आधीं वापरलेलें पाणी झाडांना घालावें. पूर्वीं पुष्कळ घरांत भाज्या पोटॅशियम परमँगनेटच्या लालसर पाण्यांत बुडवून ठेवीत. परंतु मातीनें माखलेल्या भाजीवर कोणतेंहि औषध पुरतें चालत नाहीं, म्हणून मुख्य भिस्त चोळून धुण्यावरच ठेवावी. मीठ लावलें किंवा लिंबू पिळलें म्हणजे जंतु मरतात, ही समजूत चुकीची आहे. जेवणापूर्वींच्या थोड्या वेळांत तेवढ्या आंबटाईनें व खारटपणानें रोगजंतूंचा भरंवशाचा नाश होत नाहीं. चिरणारानें आपले हात साबणानें धुतलेले असावेत, आणि मासळी किंवा मांस कापलेली विळी अथवा सुरी स्वच्छ केल्याखेरीज कोशिंबिरीला लावूं नये.

दुसरी गोष्ट निवडण्याची व चिरण्याची. गाजर व मुळा हीं खरीं हिंवाळ्यांतील धनें. उन्हाळ्यांत तीं मिळालीं तरी पुष्कळदां जून व दडस असतात. या ऋतूंत काकडी, कैरी, कांदा, टोमॅटो आणि कलिंगड यांवर भर द्यावा. काकडी हातांत घेतां जड लागावी, दाबतां मऊ लागूं नये, आणि फार पिवळी नसावी. पिवळ्या काकडींत बिया मोठ्या झालेल्या असतात. तिचीं दोन्ही टोंकें कापून एक चकती चाखून पाहावी. देंठाकडचा तुकडा काकडीवर चोळून फेस काढला म्हणजे कडूपणा जातो, असें म्हणतात. कडूपणा आणणारें द्रव्य देंठाच्या बाजूस अधिक असतें, म्हणून तें टोंक थोडें जास्त कापल्यानें लाभ होतो. पण सबंध काकडी कडू असेल, तर ती चोळून, मीठ लावून किंवा शिजवूनहि गोड होत नाहीं. काकडी व दुधी यांच्या कुळांतील अतिशय कडू फळ पोटांत गेल्यास वांत्या व जुलाब होऊं शकतात. दोन पैसे वांचविण्यासाठीं तें वापरूं नये. सरळ टाकून द्यावें.

काकडी चोचविण्याची जुनी रीत अजूनहि सर्वांत चांगली. सोललेली काकडी डाव्या हातांत धरून तिच्या टोंकाला सुरीनें जवळ जवळ उभे घाव द्यावयाचे, मग तिला फिरवून आडवे घाव द्यावयाचे, आणि शेवटीं पातळ काप काढावयाचा. म्हणजे बारीक, सारख्या आकाराचे तुकडे पडतात. किसणीवर काम लवकर होतें, पण किसतांना काकडी चिरडली जाऊन तिचें पाणी तेथेंच सुटूं लागतें व कोशिंबीर गिळगिळीत होते. चोचविलेली काकडी दांताखालीं करकरीत लागते. गाजराची गोष्ट मात्र निराळी आहे. तें कठीण असतें, आणि किसल्यानें त्यांतील केरोटीन मोकळें होण्यास मदतच होते. म्हणून काकडी चोचवावी, गाजर किसावें, कोबी लांब व तलम चिरावा, आणि कांदा शेवटीं चिरावा. कारण चिरून ठेवलेला कांदा वेळ जाईल तसा उग्र होत जातो.

तिसरी गोष्ट मिठाची, आणि पाककुशल स्त्रीची परीक्षा येथेंच होते. इंग्रजींतील सॅलड हा शब्द मीठ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेला आहे. सॅलड म्हणजे मूळांत मीठ लावलेली भाजी. कोशिंबिरीचेंहि सारें रहस्य मीठ केव्हां लावावें, यांत आहे. भाजीचें अंग असंख्य सूक्ष्म पेशींचें बनलेलें असतें, आणि प्रत्येक पेशी पाण्यानें फुगलेली असते. त्या फुगण्यामुळेंच भाजी करकरीत लागते. बाहेर मीठ पडलें कीं पेशीच्या पातळ पडद्यांतून आंतील पाणी बाहेर येऊं लागतें, कारण पाण्याची ओढ जिकडे क्षार अधिक तिकडे असते. या क्रियेला शास्त्रांत तर्षण म्हणतात. पांच-दहा मिनिटांत वाडग्याच्या तळाशीं पाणी दिसूं लागतें, अर्ध्या तासांत भाजी मलूल होते, आणि वर घातलेलें दहीं व कूट त्या पाण्यांत पोहूं लागतें. सकाळीं दहा वाजतां कालवून ठेवलेली कोशिंबीर बाराला पाणचट लागते, ती याच कारणानें. यावर दोन मार्ग आहेत. पहिला, मीठ अगदीं वाढण्याच्या वेळीं घालणें; हा सर्वांत सरळ मार्ग. दुसरा, मीठ आधीं लावून, सुटलेलें पाणी हलक्या हातानें पिळून काढणें व मग बाकीचे जिन्नस मिसळणें. दुसऱ्या रीतीनें कोशिंबीर घट्ट राहते. परंतु त्या पाण्याबरोबर क्षार व जीवनसत्त्वें जातात. म्हणून तें पाणी मोरींत ओतूं नये. लगेच ताकांत मिसळावें किंवा थालिपिठाच्या पिठांत घालावें, आणि त्या पदार्थांत मीठ बेतानें टाकावें.

मिठाविषयीं आणखी एक सूचना हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाचें दिवसाचें एकंदर मीठ ५ ग्रॅमपेक्षां, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षां, कमी असावें. लोणचें, पापड, चटणी व आमटी यांतून तें बहुधा पुरें होतें. रक्तदाब असलेल्या माणसासाठीं कोशिंबिरींत मिठाऐवजीं लिंबू, कैरी, जिऱ्याची पूड, आलें आणि कोथिंबीर यांचा उपयोग करावा. आंबटाई व सुवास भरपूर असला, म्हणजे मिठाचा उणेपणा जिभेला फारसा जाणवत नाहीं.

चौथी गोष्ट कोशिंबिरीला अंग देणाऱ्या जिनसांची. दाण्याचें कूट, ओलें खोबरें, दहीं, भिजविलेली डाळ आणि वरची फोडणी यांमुळेंच ती नुसत्या कापलेल्या भाजीहून वेगळी होते. भुईमुगाच्या दाण्यांत शेंकडा सुमारें २५ भाग प्रथिनें असतात. उन्हाळ्यांत कमी जेवणाऱ्या मुलाच्या पोटांत दोन चमचे कूट अशा रीतीनें गेलें, तर तेवढेंच बळ मिळतें. फोडणी ही तर केवळ खमंगपणासाठीं आहे, असा समज आहे. परंतु गाजर, टोमॅटो, कोथिंबीर यांतील केरोटीन पाण्यांत विरघळत नाहीं, स्निग्ध पदार्थांत विरघळतें. जेवणांत तेल-तूप मुळींच नसेल, तर तें शरीरांत फार थोडें शोषिलें जातें. शरीर याच केरोटीनपासून डोळ्यांना आवश्यक असें 'अ' जीवनसत्त्व बनवितें. दोन चमचे तुपाची जिऱ्याची फोडणी म्हणून सार्थ आहे. ती चार चमच्यांची मात्र करूं नये. हलका पदार्थ जड करण्यांत अर्थ नाहीं. फोडणी किंचित् निवल्यावर घालावी, म्हणजे भाजी कोमेजत नाहीं.

आतां चार माणसांपुरत्या कांहीं कोशिंबिरींचीं प्रमाणें पाहूं जातां, पहिला मान खमंग काकडीचा. मध्यम आकाराच्या तीन काकड्या, म्हणजे सुमारें अर्धा किलो, चोचवून घ्याव्या. त्यांत अर्धी वाटी भाजलेल्या दाण्याचें जाडसर कूट, दोन मोठे चमचे खवलेलें ओलें खोबरें, मूठभर चिरलेली कोथिंबीर, चहाचा एक चमचा साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस घालावा. दोन चमचे तुपांत किंवा तेलांत मोहरी, जिरें, हिंग व हिरव्या मिरचीचे तुकडे यांची फोडणी करावी. हे सर्व जिन्नस शेजारीं तयार ठेवावे, आणि पानें मांडलीं गेलीं म्हणजे मीठ घालून एकत्र कालवावे. कूट फार बारीक केलें तर तें पाणी शोषून चिकट होतें. म्हणून दाणे खलबत्त्यांत ओबडधोबड कुटलेले बरे.

दुसरी कोशिंबीर मुगाच्या डाळीची व कैरीची. अर्धी वाटी मुगाची डाळ स्वच्छ धुवून दोन तास पिण्याच्या पाण्यांत भिजत घालावी, मग निथळून घ्यावी. तींत एक चोचविलेली काकडी, पाव वाटी किसलेली कैरी, दोन चमचे खोबरें व कोथिंबीर घालून वर मोहरी-हिंगाची फोडणी द्यावी. कैरी असल्यानें लिंबाची गरज पडत नाहीं. कर्नाटकांत हिला कोसंबरी म्हणतात, आणि रामनवमीला पानकाबरोबर ती वाटण्याची तेथें प्रथा आहे. कोशिंबीर व कोसंबरी या नांवांतील साम्य सहज ध्यानांत येतें. महाराष्ट्रांत चैत्रांतील हळदीकुंकवाला भिजविलेल्या हरभऱ्याच्या डाळींत कैरी घालून केलेली वाटली डाळ आणि कैरीचें पन्हें देतात. दोन्ही प्रांतांतील स्त्रियांनीं उन्हाळ्याच्या तोंडावर डाळ, कैरी आणि गार पेय यांची एकच सांगड घालावी, ही गोष्ट त्यांच्या ऋतुज्ञानाची साक्ष देणारी आहे.

तिसरी दह्यांतील टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर. दोन घट्ट टोमॅटो आणि एक लहान कांदा बारीक चिरून, त्यांत दाण्याचें कूट दोन चमचे, साखर चिमूटभर आणि कोथिंबीर मिसळावी, व पानावर बसण्याच्या वेळीं एक वाटी गोडसर, घट्ट दहीं आणि मीठ घालावें. उन्हाळ्यांत दहीं चार-पांच तासांत लागतें व पुढें झपाट्यानें आंबतें. म्हणून कोशिंबिरीसाठीं तें सकाळीं लागावें अशा बेतानें विरजावें, किंवा लागतांच शीतकपाटांत ठेवावें. दहीं पातळ असेल, तर तें अर्धा तास स्वच्छ फडक्यांत बांधून टांगावें. शिल्लक राहिलेलें आंबट दहीं साखरेनें झांकण्यापेक्षां कढींत घालणें चांगलें.

चौथी कोशिंबीर काटकसरीची. कलिंगडाचा लाल गर खाल्ल्यावर हिरवी साल व गर यांमध्यें जो पांढरा भाग उरतो, तो बहुधा टाकून दिला जातो. कलिंगड कापण्यापूर्वीं बाहेरून नीट धुतलेलें असेल, तर हा पांढरा भाग किसून, दहीं, कूट, मिरची व जिऱ्याची फोडणी घालून उत्तम कोशिंबीर होते. त्याची चव काकडीच्या फार जवळ जाते. मात्र हा भाग फळ कापल्याबरोबर वेगळा काढून ठेवावा. उष्ट्या फोडींवरून काढूं नये.

आणि जेथें पाण्याचा भरंवसा नाहीं, गांवांत पटकी किंवा विषमज्वराची सांथ आहे, किंवा घरांत नुकताच आजारांतून उठलेला माणूस अथवा अगदीं लहान मूल आहे, तेथें काय करावें? तेथें भरीत हा उत्तम पर्याय आहे. लाल भोपळ्याच्या फोडी वाफवून, गार करून, कुस्करून त्यांत दहीं, मीठ, साखर व जिऱ्याची फोडणी घातली, म्हणजे कोशिंबिरीची जागा भरून निघते. दुधी किसून वाफवूनहि असेंच करतां येतें. यांत 'क' जीवनसत्त्व कमी मिळेल, पण पोटाला धोका राहणार नाहीं, आणि गार व मऊ पदार्थ पानांत आल्याचें समाधान मिळेल. प्रवासांत किंवा उपाहारगृहांत कापून ठेवलेली काकडी व कांदा खाण्यापेक्षां, स्वतः सोललेलें केळें किंवा संत्रें खाणें शहाणपणाचें. घरची काकडी शुद्ध पाण्यानें धुतलेली आहे हें ठाऊक असतें. बाहेरच्या काकडीविषयीं तें ठाऊक नसतें.

शेवटची गोष्ट वेळेची. कापलेली भाजी व दहीं कालविलेली कोशिंबीर उन्हाळ्याच्या हवेंत फार वेळ राहूं देऊं नये. साधारण हवेंत दोन तास ही शेवटची मर्यादा समजावी, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. भाजी न कालवतां, झांकून, शीतकपाटांत कांहीं वेळ ठेवतां येते. परंतु शीतकपाट जंतूंची वाढ मंद करतें, त्यांना मारीत नाहीं. दुपारची शिल्लक कोशिंबीर रात्रीच्या पानांत वाढणें ही काटकसर नव्हे. त्यापेक्षां दुपारीं संपेल एवढीच करावी, आणि रात्रीसाठीं एक काकडी पुन्हां चोचवावी. त्याला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं. हें काम घरांतील मुलांवर सोंपवितां येण्यासारखेंहि आहे. यांत विस्तव नाहीं, उकळतें तेल नाहीं. फोडणी मोठ्यांनीं करून दिली, तर धुणें, किसणें, कूट मोजणें व कालवणें हीं कामें दहा-बारा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आनंदानें करते. आणि आपल्या हातानें केलेली कोशिंबीर पानांत टाकून उठणारें मूल विरळा.

किती खावी, याविषयीं जागतिक आरोग्य संघटनेचें मत असें आहे कीं, दिवसांतून भाज्या व फळें मिळून निदान ४०० ग्रॅम पोटांत जावीं. बटाटा व रताळें यांसारखे पिष्टमय कंद या हिशेबांत धरीत नाहींत. चमचाभर कोशिंबिरीनें हा आंकडा गांठला जात नाहीं. मोठी वाटीभर, म्हणजे सुमारें १५० ग्रॅम कोशिंबीर दुपारीं आणि तेवढीच रात्रीं घेतली, तर तिनेंच त्यांतला मोठा हिस्सा भरून निघतो, आणि भाजी-फळांनीं बाकीचा सहज पुरा होतो. ज्यांना कच्चें खाण्याची संवय नाहीं, त्यांनीं एकदम वाटीभर घेऊं नये. आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावी, म्हणजे पोट फुगत नाहीं.

पानाच्या डाव्या बाजूची रचना ज्या काळांत ठरली, त्या काळांत भाज्या शिळ्या होऊन येत नव्हत्या, त्या परसांतून येत, आणि विहिरीचें पाणी दारांत असे. आज शहरांतील घराला काकडी कोसांवरून येते व पाणी नळावाटे येतें. म्हणून पूर्वीं सहज पाळला जाणारा क्रम आतां जाणूनबुजून पाळावा लागतो. आधीं धुवावी, मग चिरावी. कूट, खोबरें व फोडणी जवळ तयार ठेवावी. मीठ व दहीं सर्वांत शेवटीं घालावें. आणि कालविल्यावर ताबडतोब वाढावी. उन्हाळ्यांत सर्व स्वयंपाक झाल्यावर कोशिंबीर करावी, आणि पानावर बसल्यावर मात्र पहिला घांस तिचाच घ्यावा. त्या गार, आंबटगोड घांसानें उन्हानें मेलेली भूक जागी होते, आणि मग पानांतील वरणभातहि गोड लागतो.